‘साठी बुद्धी नाठी’ नव्हे, हा आजार आहे!

विशेष प्रतिनिधी

गॅसवर ठेवलेले दूध उतू जाते. विजेचे बिल एकाच महिन्यात दोनदा भरले जाते. ‘आज वार कोणता?’ हा प्रश्न तासाभरात पाच वेळा विचारला जातो. घरातील आजी-आजोबांच्या अशा वागण्याकडे ‘आता वय झाले’ म्हणून काणाडोळा केला जातो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर आपल्या तोंडी बसलेलीच आहे. परंतु याच समजुतीमुळे अल्झायमरसारखा आजार वर्षानुवर्षे घरातच दडून राहतो.

या आजाराची नोंद ज्यांनी प्रथम केली, त्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांची रुग्ण साठीचीही नव्हती. जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे १९०१ मध्ये त्यांनी तपासलेली ती स्त्री अवघ्या ५१ वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर मेंदूचा अभ्यास करून त्यांनी १९०६ मध्ये आपली निरीक्षणे मांडली. या आजारात मेंदूतील पेशींभोवती अमायलॉइड नावाचे प्रथिन साचते, पेशींच्या आत टाउ प्रथिनाचा गुंता होतो आणि पेशी हळूहळू नष्ट होतात.

वयोमानानुसार येणारा विसराळूपणा वेगळा. त्यात एखादे नाव चटकन आठवत नाही, पण थोड्या वेळाने आठवते. अल्झायमरमध्ये मात्र नुकतेच झालेले जेवणही स्मरणात राहत नाही. याउलट तरुणपणीचे प्रसंग खडान्‌खडा आठवतात. त्यामुळे ‘यांना सारे आठवते, मुद्दाम असे वागतात’, असा गैरसमज होतो. पुढे पैशांचे हिशेब चुकू लागतात, नेहमीचा रस्ता अनोळखी वाटतो, साधे शब्द सापडेनासे होतात, स्वभावही पालटतो.

भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्तविण्यात आला. स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण अल्झायमर हेच आहे.

हा आजार पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही. मग डॉक्टरांकडे जावे कशाला? ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार किंवा नैराश्य यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. निदान अल्झायमरचेच झाले, तरी औषधांनी काही काळ लक्षणे सौम्य करता येतात. शिवाय बँकेचे व्यवहार, मृत्युपत्र यांविषयीचे निर्णय भान शाबूत असतानाच रुग्णाला स्वतः घेता येतात.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या २०१३ सालच्या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे जाता जाता हरवतात. त्यांना सांभाळते ती माहुताची पत्नी, म्हणजे सर्वस्वी परकी स्त्री. आपल्या सोसायटीचा रखवालदार, कोपऱ्यावरचा वाणी, शेजारी यांना रुग्णाच्या स्थितीची कल्पना दिली, तर हरवलेले आजोबा घरी सुखरूप पोहोचू शकतात. रुग्णाच्या खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असावी. त्याच्याशी वाद घालू नये. तोच प्रश्न पुन्हा आला, तर तेच उत्तर शांतपणे द्यावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे.

रुग्णाइतकीच काळजी घ्यावी लागते ती त्याची शुश्रूषा करणाऱ्याची. बहुतेक घरांत हा भार पत्नी, सून किंवा मुलगी एकटीच वाहते. आठवड्यातून दोन तास कोणी रुग्णाजवळ बसले, तरी तिला मोठा आधार वाटतो. मात्र त्यासाठी घरात असा आजार आहे, हे शेजाऱ्यांना सांगण्याचा संकोच आधी सोडावा लागेल.