मागे येणारी होडी

राजिवड्याला मामूंच्या अंगणात ती दोन महिने ताडपत्रीखाली पडून होती. दुबईहून घरसामानाबरोबर आलेली, १३ फुटांची प्लास्टिकची होडी. मोहल्ल्यातली पोरं ताडपत्री उचलून बघून जात. मामू मात्र तिच्या बाजूने मशिदीत जायचे, तिच्या बाजूनेच परत यायचे, पण नजर काही वळवायचे नाहीत.

त्याला कारण होतं. रत्नागिरीच्या काजळी खाडीवरचं आमचं आजोळ दालदी मच्छीमारांचं. मामूंनी जन्मभर वल्हं मारलं. तीन वर्षांपूर्वी ओल्या पायरीवरून घसरून त्यांचा उजवा खांदा दुखावला, तो कायमचाच. हात वर जात नाही, वल्ह्याला जोर लावता येत नाही. मामेभाऊ तेव्हा दुबईहून सुट्टीवर आला होता. अब्बांनी पुन्हा खाडीत जाऊ नये म्हणून त्याने त्यांची लाकडी होडी परस्पर विकून टाकली. हेतू चांगला होता, विचारलं मात्र नाही. तेव्हापासून बापलेकांचं फोनवरचं बोलणं सलाम आणि औषधं यांच्या पुढे जात नव्हतं.

ही पायडलची कयाक म्हणजे त्या होडीची भरपाई, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मामू म्हणत, "खेळणं आहे ते. पोरांना द्या." यंदा दिवाळीच्या सुट्टीत मामेभाऊ आला. शाळा बंद म्हणून आम्हीही मुलांना घेऊन पोहोचलो. कयाक एकदा पाण्यात घालून बघायचीच, असं ठरलं.

हाताचं काम पायांना

कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातली. तिथले इनुइट शिकारी लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवत आणि वल्हं मारत सीलच्या मागे जात. आजची कयाक प्लास्टिकची, आतून पोकळ आणि बंद. बसायचं वरच्या खुर्चीवर. अमेरिकेपासून आखातापर्यंत गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांत ती चांगलीच रुळली आहे. अडचण एकच होती. दोन्ही हातांत वल्हं, मग गळ कोणी धरायचा?

उत्तर पायांनी दिलं. १९९७ साली अमेरिकेतल्या होबी कंपनीने पायडलवर चालणारी कयाक बाजारात आणली. तिच्या तळाशी दोन लवचीक पर असतात. पायडल दाबलं की ते पेंग्विनच्या पंखांसारखे डावी-उजवीकडे हलतात आणि होडी पुढे सरकते. पण फक्त पुढे. दोरी ओढून पर अर्धे वळवायचे आणि मागे यायचं, ही सोय त्यात यायला जवळजवळ वीस वर्षं गेली.

दुसरा प्रकार पंख्याचा, आमच्या मामेभावाने आणलेला. यात सायकलीसारखी गोल फिरणारी पायडलं असतात. दातेरी चाकं त्यांचं फिरणं खालच्या दांड्याला देतात आणि दांडा पाण्यातला छोटा पंखा फिरवतो. पायडलचा एक फेरा झाला की पंख्याचे सुमारे दहा फेरे होतात.

आता सायकल आठवा. तिचं पायडल उलटं फिरवलं तर चाकाला काही कळत नाही, फ्रीव्हील नुसतं टकटक करतं. या होडीत तसं नाही. पायडल आणि पंखा एकमेकांना बांधलेले आहेत. पाय उलटे फिरले की पंखा उलटा फिरतो आणि होडी मागे येते. ना दोरी, ना कळ.

चांदाची नववी

मामूंचं पहिलं वाक्य आलं ते तारखेवरून. मामेभाऊ म्हणाला, "उद्या सकाळी घालू." ओटीवरून आवाज आला, "उद्या नको. चांदाची नववी येऊ दे."

आपल्या घरांत चांदाची तारीख रोजे, ईद आणि उरूस यांसाठी बघतात. मच्छीमाराच्या घरात ती पाण्यासाठीही बघतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि जोरात धावतं. चांद अर्धा झाला की भांग लागतो, पाणी सुस्त होतं. चांदाची आठवी-नववी हा पहिला भांग, बावीस-तेवीस हा दुसरा. नव्या माणसाने नवी होडी भांगावर घालावी, उधाणावर नव्हे.

नवव्या तारखेला फज्रनंतर आम्ही काठावर होतो. पाणी भरून थांबलेलं, पलीकडे भाट्ये पूल धुक्यात. कयाक आणि यंत्र मिळून पन्नास किलोंच्या वर वजन, चौघांनी उचलून आणली. मुलांना आम्ही लाइफ जॅकेटचे पट्टे बांधत होतो तेव्हा एक शेजारी हसून म्हणाले, "एवढ्याशा पाण्यात हे कशाला? अल्लाह मालिक आहे." उंट आधी बांधावा आणि मग तवक्कल करावी, ही शिकवण आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. काठावर ती मोडली असती तर मुलांनी आम्हाला सोडलं नसतं.

मामेभाऊ पहिला बसला. पायडल मारली आणि होडी सरसर निघाली, माणूस झपाट्याने चालतो त्या वेगाने. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो कांदळवनाच्या बाजूने वर जाऊन आला, पुन्हा गेला, आणखी लांब गेला. एव्हाना सुकती लागली होती. तो पाण्याबरोबर खाली येत होता, तोंड आमच्याकडे, हात हलवत. इतक्यात मामू उठून उभे राहिले.

"मागे घे! वळवू नको, मागे घे!"

त्याच्या पुढ्यात कालवांचा खडक होता. भरतीत दिसत नाही, सुकतीत पाण्याखाली वीतभर राहतो. दुबईत वीस वर्षं काढलेल्याला तो आठवणार कसा? वळायला गेला असता तर पाण्याने त्याला आडवा करून खडकावर नेला असता. त्याने पाय उलटे फिरवले. होडी क्षणभर थबकली आणि हळूहळू मागे येऊ लागली. कालवांची धार किती वाईट, हे ज्याचा पाय कधी कापला त्यालाच ठाऊक.

आम्हाला काय दिसलं

मग आमची पाळी. मास्तरकीची सवय, एकेक गोष्ट तपासून पाहिली.

पायांना दम लागतो, पण हातांपेक्षा उशिरा. मांडीचे स्नायू दंडापेक्षा मोठे, हा हिशेब पाण्यातही लागू पडतो. सुकाणू हाताशी, एका बोटाने वळतं. पाण्याच्या ओढीसमोर तोंड करून सावकाश पायडल मारत राहिलो तर नांगर न टाकता एका जागी थांबता येतं. गळवाल्याला याहून काय हवं!

मागे येताना मात्र सुकाणूवर भरवसा ठेवू नये. ते बेताचंच ऐकतं, म्हणून सावकाश यावं. पंखा पाण्याखाली साधारण दीड फूट असतो. उथळात शिरण्याआधी यंत्र वर घ्यावं लागतं, नाहीतर रेती लागते. आणि आपल्या खाडीतला खरा शत्रू खडक नव्हे, प्लास्टिक. पुलाच्या अलीकडे पायडल एकदम जड झालं. दुधाची पिशवी आणि नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा पंख्याला गुंडाळला होता. पाय उलटे फिरवले तशी पिशवी सुटली. नायलॉन काही सुटेना, यंत्र वर घेऊन सुरीने कापावं लागलं. ते दोन्ही आम्ही खिशात घालून आणलं. खाडीत टाकणारे आपणच आहोत, सांगायचं कोणाला?

वाचकांपैकी कोणाच्या घरी आखातातून अशी होडी यायची असेल तर स्पष्ट सांगतो. किंमत नव्या मोटारसायकलीहून जास्त. धंद्याला ती कामाची नाही, जाळी आणि टोपल्या ठेवायला जागाच नसते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पावसाळ्यात तिचं नावही काढू नये.

पण ज्याचा खांदा गेला आणि पाय शाबूत आहेत, त्याच्यासाठी?

तांबोशी

आम्ही काठाला लागलो तेव्हा मामूंनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला होता. कोणी काही म्हटलं नाही. त्यांनी जॅकेट घातलं, उजवी बाही मामेभावाने धरली. "बिस्मिल्लाह" म्हणून ते बसले, आणि पायडलवर पाय ठेवताच होडी अशी निघाली की जणू रोजचीच.

ते सरळ त्या खडकाकडे गेले. तिथे तोंड पाण्याकडे करून थांबले, डाव्या हाताने गरी सोडली. आम्ही काठावर श्वास धरून बसलो. बराच वेळ काही नाही. मग दोरी ताणली. तांबोशी लागली की खडकाच्या कपारीत घुसते आणि दोरी कालवांवर घासून तुटते. पूर्वी अशा वेळी होडी मागे खेचायला दुसरा माणूस वल्ह्यावर लागायचा. मामू एकटे होते. त्यांनी दोरी डाव्या हाताला वेढली, उजव्याने नुसती अडवली आणि पाय उलटे फिरवायला लागले. होडी मागे, मासा होडीमागे, खडक लांब. उघड्या पाण्यात आणून त्यांनी तिला वर घेतलं. किलोभराचीही नसेल. पण ती तीन वर्षांनंतरची होती.

मामेभाऊ गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. होडीचं नाक धरून तो हळू आवाजात म्हणाला, "अब्बा, होडी विचारून विकायला हवी होती. चुकलं माझं."

मामू पायडलवरून पाय काढत होते. म्हणाले, "पाय उलटे फिरवायला तुला तीन वर्षं लागली." मग मासा त्याच्या हातात दिला. "आईला सांग, सार पातळ कर. माणसं जास्त आहेत."

आम्ही मुलांना तौबाचा अर्थ परत फिरणं असा शिकवतो. मुलं पाठ करतात, आम्हीही पुढचा धडा घेतो. पुढे जाणं सगळ्यांना येतं. घरात, भावाभावांत, बापलेकांत मागे यायचं म्हटलं की आपलं पायडल सायकलीचं होतं, नुसतं टकटक करतं.

दुपारी जेवताना मामू बोटांवर काही मोजत होते. मामीने विचारलं, तर म्हणाले, "दुसरा भांग. तेवीसला बघू." आणि मुलाकडे न बघता विचारलं, "तेवीसला आहेस ना तू?"

मामेभावाचं परतीचं तिकीट चांदाच्या विसाव्याचं होतं, हे आम्हाला माहीत होतं.

"आहे, इन्शाअल्लाह," तो म्हणाला आणि तिकीट बदलायला फोन घेऊन अंगणात गेला.