डेटा गव्हर्नन्स सॉफ्टवेअर इतकं महाग का असतं? लायसन्सचं पूर्ण गणित सोप्या भाषेत

मोबाईलचा रिचार्ज असो की ओटीटीचं सबस्क्रिप्शन, किंमत समोर लिहिलेली असते. पटली तर घेतो, नाहीतर पुढे जातो. पण काही सॉफ्टवेअर असे असतात की त्यांच्या वेबसाइटवर प्लॅनची नावं दिसतात, फीचर्सची लांबलचक यादी दिसते, आणि किंमतीच्या जागी फक्त एक बटण असतं: ‘आमच्या सेल्स टीमशी बोला’. डेटा गव्हर्नन्स सॉफ्टवेअर हा त्यातलाच प्रकार.

तुम्ही म्हणाल, हे मोठ्या कंपन्यांचं प्रकरण, आपला काय संबंध? संबंध आहे. तुमचा पॅन, पत्ता, मोबाईल नंबर ज्या बँकेकडे किंवा ॲपकडे आहे, ती माहिती त्यांच्याकडे नेमकी कुठे कुठे पडली आहे हे सांगण्याचं काम हेच सॉफ्टवेअर करतं. आणि उद्या तुम्ही आयटी, बँकिंग किंवा स्टार्टअपमध्ये काम करायला लागलात, तर असं एखादं कोटेशन तुमच्याही टेबलावर येऊ शकतं. चला तर मग, हे गणित उलगडून बघूया.

डेटा गव्हर्नन्स सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

मोठ्या लायब्ररीची कल्पना करा. लाखो पुस्तकं आहेत, पण रजिस्टर नाही. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात, ते कोणी नेलं, कोणती पानं फाटली, काहीच नोंद नाही. बऱ्याच कंपन्यांचा डेटा असाच असतो. एकाच ग्राहकाचा नंबर कर्ज विभागात वेगळा, कार्ड विभागात वेगळा आणि कोणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये तिसराच.

डेटा गव्हर्नन्स सॉफ्टवेअर हे रजिस्टर तयार करतं. कोणता डेटा कुठे आहे, त्याचा जबाबदार माणूस कोण, तो कुठून आला आणि पुढे कुठे गेला, कोणाला बघायची परवानगी आहे, आणि तो बरोबर आहे का, या पाच प्रश्नांची उत्तरं एका जागी मिळतात. कोलिब्रा, अलेशन, इन्फॉर्मॅटिका, मायक्रोसॉफ्ट पर्व्ह्यू, अटलान ही या क्षेत्रातली ओळखीची नावं.

किंमत कशावर मोजतात?

इथेच खरी मेख आहे. एकाच कामासाठी प्रत्येक कंपनीचं मीटर वेगळं.

पहिलं मीटर माणसांचं. किती लोक सॉफ्टवेअर वापरणार त्यावर पैसे. त्यातही दोन वर्ग असतात: माहिती भरणारे, बदलणारे लोक महाग आणि नुसते बघणारे स्वस्त.

दुसरं मीटर वस्तूंचं. किती टेबल, किती फाइल्स, किती रिपोर्ट सांभाळायचे त्यावर पैसे. मायक्रोसॉफ्टने पर्व्ह्यूसाठी २०२५ च्या सुरुवातीपासून असंच मॉडेल आणलं. ज्या डेटावर प्रत्यक्ष गव्हर्नन्स लावला आहे तो दर दिवसाला मोजला जातो, आणि डेटाची गुणवत्ता तपासायला लागणाऱ्या कॉम्प्युटिंगचं मीटर वेगळं चालतं.

तिसरं मीटर क्रेडिटचं. आधी पॅक विकत घ्यायचा आणि वापराल तसं त्यातून कापलं जाणार. इन्फॉर्मॅटिकाचं ‘आयपीयू’ नावाचं युनिट याच पद्धतीचं. फायदा असा की एकच पॅक वेगवेगळ्या सेवांसाठी चालतो. तोटा असा की कोणती सेवा किती क्रेडिट खाणार याचा अंदाज आधी येत नाही. डेटा पॅक महिनाअखेरच्या आधीच संपतो, तसंच काहीसं.

चौथं मीटर जोडणीचं. ओरॅकलचा डेटाबेस जोडायचा तर एक कनेक्टर, सॅप जोडायचं तर दुसरा. काही विक्रेते हे बेस प्लॅनमध्ये देतात, काही प्रत्येकाचे वेगळे पैसे लावतात.

किंमत उघड असलेलं एक उदाहरण

सगळंच झाकलेलं नसतं. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस ग्लू डेटा कॅटलॉगचे दर जाहीर आहेत. पहिल्या १० लाख नोंदी फुकट, त्यापुढे प्रत्येक १ लाख नोंदींना महिन्याला १ डॉलर.

पण ‘नोंद’ म्हणजे फक्त टेबल नव्हे. टेबलची प्रत्येक आवृत्ती आणि प्रत्येक पार्टिशन, म्हणजे टेबलचा प्रत्येक कप्पा, वेगळा मोजला जातो. समजा १०० शाखांचा डेटा रोजच्या रोज वेगळ्या कप्प्यात जातो. एका टेबलचे वर्षाला ३६,५०० कप्पे झाले. अशी ५० टेबल असतील तर १८ लाख २५ हजार नोंदी. फुकटचे १० लाख वजा केले की उरतात ८ लाख २५ हजार, म्हणजे महिन्याला साधारण ८ ते ९ डॉलर.

एवढंच? हो, एवढंच! यातून एक गोष्ट लक्षात घ्या. डेटाची नुसती यादी ठेवणं आज महाग राहिलेलं नाही. पैसे लागतात ते त्या यादीवर माणसांनी करायच्या कामाला: मंजुरीच्या पायऱ्या, व्याख्या ठरवणं, डेटाचा प्रवास दाखवणं, ऑडिटसाठी पुरावा ठेवणं. सेल्सवाला ‘कॅटलॉग’ म्हणून जे विकतो, त्यात यादी किती आणि बाकीचं काम किती, हे वेगळं करून विचारलंच पाहिजे.

कोटेशन ५४ लाखांचं, खर्च किती?

आता एक काल्पनिक हिशोब करू. आकडे फक्त गणित समजण्यासाठी धरलेले आहेत. एका मध्यम आकाराच्या बँकेला कोटेशन आलं: माहिती सांभाळणारे १२ लोक, प्रत्येकी वर्षाला दीड लाख, आणि बघणारे ३०० लोक, प्रत्येकी १२ हजार. म्हणजे १८ लाख अधिक ३६ लाख, एकूण ५४ लाख. मॅनेजर म्हणतो, तीन वर्षांचे १ कोटी ६२ लाख बाजूला ठेवा.

आता करारातली बारीक अक्षरं वाचू. दरवर्षी ७ टक्के वाढ लिहिली आहे. म्हणजे दुसऱ्या वर्षी ५७.७८ लाख, तिसऱ्या वर्षी ६१.८२ लाख. तीन वर्षांचं लायसन्स झालं १७३.६० लाख. सिस्टिम बसवून द्यायला सल्लागार कंपनीचे ४० लाख. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३८.४५ लाख. आणि हे सगळं रोज चालवायला वर्षाला १२ लाख पगाराची दोन माणसं, तीन वर्षांचे ७२ लाख.

बेरीज ३ कोटी २४ लाख. मॅनेजरच्या अंदाजाच्या बरोबर दुप्पट. जीएसटीचा काही भाग क्रेडिटमधून वजा होऊ शकतो, तो सीएला विचारायचा. पण बाकीचा खर्च कुठेही जात नाही.

आणि ते ३०० बघणारे? अशा सॉफ्टवेअरमध्ये वर्षभरात एकदाही लॉगिन न करणारे भरपूर असतात. खरे वापरणारे ६० च असतील तर पहिल्या वर्षाचं बिल ५४ लाखांवरून २५ लाख २० हजारांवर येतं. तिथे कुठली घासाघीस लागत नाही, नुसती मोजणी करायची.

मग ओपन सोर्स का नाही वापरत?

चांगला प्रश्न. लिंक्डइनमध्ये तयार झालेलं डेटाहब आणि हडूपच्या दुनियेतून आलेलं अपाचे ॲटलस, दोन्ही अपाचे २.० लायसन्सखाली मिळतात. डाउनलोड करा, बदला, धंद्यात वापरा, लायसन्सचे पैसे शून्य.

पण वरच्या हिशोबात बघा, लायसन्स सोडून बाकीच्या ओळी तशाच राहतात. सर्व्हर तुमचा, अपडेट तुम्ही करायचे, रात्री दोनला बंद पडलं तर फोन तुमच्याच माणसाला. हाताशी चांगले इंजिनिअर असलेल्या स्टार्टअपला हे परवडतं. ज्या संस्थेत आयटीला दोनच माणसं आहेत, तिथे फुकटचं सॉफ्टवेअर सहा महिन्यांत धूळ खात पडतं.

एवढे पैसे कंपन्या देतात तरी का?

कारण न दिल्याची किंमत त्याहून मोठी असू शकते. अमेरिकेतल्या सिटीबँकेला ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या नियामकाने ४० कोटी डॉलरचा दंड केला. कारणांमध्ये जोखीम व्यवस्थापनाबरोबर डेटा गव्हर्नन्समधल्या त्रुटीही होत्या. पुरेशी सुधारणा झाली नाही म्हणून जुलै २०२४ मध्ये सिटीला आणखी सुमारे १३.६ कोटी डॉलर भरावे लागले. एक लक्षात घ्या, पैसा किंवा सॉफ्टवेअर यांची कमी असलेली ही बँक नव्हती. म्हणजे लायसन्स विकत घेतलं की गव्हर्नन्स आपोआप येत नाही.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यानंतर १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. डेटा सुरक्षित ठेवण्याची योग्य काळजी घेतली नाही, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

याच कायद्यानं तुम्हाला आपली माहिती बघण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि गरज संपल्यावर पुसायला सांगण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्या कायद्याने ठेवायला लावलेली माहिती अपवाद. पण जी कंपनी तुमचा नंबर सात ठिकाणी साठवते आणि तिला त्यातली चारच ठिकाणं माहीत आहेत, ती तो पुसणार कसा? तुमचा हक्क कागदावर राहतो तो इथे.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

१. मीटर नेमकं कशावर चालतं, आणि आपला डेटा दुप्पट झाला तर बिल किती होईल?
२. फक्त बघणाऱ्यांना लायसन्स लागतं का?
३. आपल्याला लागणारे सगळे कनेक्टर याच किंमतीत आहेत का?
४. टेस्टिंगसाठीची वेगळी कॉपी फुकट की तिचेही पैसे?
५. दरवर्षीच्या वाढीवर कमाल मर्यादा करारात लिहिली आहे का?
६. करार आपोआप रिन्यू होतो का, आणि नको असेल तर किती दिवस आधी कळवायचं?
७. सोडून जायचं ठरलं तर भरलेल्या सगळ्या व्याख्या, नोंदी बाहेर काढता येतात का?

सातवा प्रश्न बहुतेक जण विसरतात. दोन वर्षं राबून भरलेली माहिती बाहेरच काढता आली नाही, तर पुढच्या रिन्यूअलला विक्रेता म्हणेल तो भाव द्यावा लागतो.

कोटेशन एक असलं तरी विक्रेते कमीत कमी दोन बघा. शक्य असेल तर एकाच विभागाचा डेटा घेऊन छोटी ट्रायल करा आणि तीन महिन्यांत खरंच किती लोकांनी लॉगिन केलं ते मोजा. करारातल्या माणसांचा आकडा त्या मोजणीवरूनच ठरवा.