जुन्या सुरवंटाचे पाय

मनमाडचें नांव निघालें कीं वाचकांस आठवतें तें मोठें जंक्शन आणि तेथील पाण्याची टंचाई. परंतु या गांवाचा आणखी एक गुण आहे, व तो आगगाडीच्या खिडकींतून दिसत नाहीं. येथें जुन्या लोखंडाला सहसा मरूं देत नाहींत. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या काळापासून येथें पुलांचे पोलादी गर्डर बांधण्याचा कारखाना आहे; त्यांत फिटर आणि वेल्डर यांच्या कित्येक पिढ्या तयार झाल्या. शेजारच्या मालेगांवांत तर दुसऱ्या-तिसऱ्या हातीं आलेले यंत्रमाग वर्षानुवर्षें खडखडत असतात. अशा मुलखांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें लिलांवांत घेतलेला एक म्हातारा क्रॉलर ट्रॅक्टर आज नऊ वर्षें चालता ठेविला आहे. त्यावर त्याच्या घरचीं पांच माणसें जेवतात, आणि नांदगांव तालुक्यांतील कोरडवाहू शेतांचे बांध व शेततळीं होतात. नवें यंत्र घेण्याची त्याची ऐपत नाहीं, आणि नव्या यंत्राचें तासाचें भाडें देण्याची त्या शेतकऱ्यांची नाहीं. म्हणून यंत्र मोडीत घालावें कीं ठेवावें हा प्रश्न त्याच्यापुढें दर उन्हाळ्यांत नव्यानें उभा राहतो. त्याचें उत्तर तो कसें देतो, तें पाहण्याजोगें आहे.

क्रॉलर म्हणजे चाकांऐवजीं लोखंडी पट्ट्यांच्या साखळीवर सरपटणारा ट्रॅक्टर. कॅलिफोर्नियांत बेंजामिन होल्ट यानें १९०४ सालीं मऊ, दलदलीच्या जमिनीकरितां तो चालवून दाखविला. त्याची चाल पाहून त्यास 'कॅटरपिलर', म्हणजे सुरवंट, हें नांव पडलें. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराचीं असलीं पुष्कळ यंत्रें विकावयास निघालीं. तीं घेण्यास भांडवल हवें, म्हणून मुंबईंतील लार्सन व टूब्रो या दोन डेनिश गृहस्थांनीं आपल्या भागीदारीची ७ फेब्रुवारी १९४६ रोजीं कंपनी केली. पुढें १९४९ सालीं शेतकीच्या यंत्रांसाठीं जागतिक बँकेनें आपल्या देशास एक कोटि डॉलरांचें कर्ज मंजूर केलें. त्यांतील मोठें काम मध्य भारतांतील कांसानें व्यापलेली जमीन मोकळी करण्याचें होतें. काशपुष्पांनीं शरद् ऋतु नटतो असें आमचे कवि सांगत आले; ज्याच्या शेतांत त्याचीं मुळें खोल गेलीं त्या शेतकऱ्यास तें सौंदर्य कधींच परवडलें नाहीं. १९६४ सालीं बेंगळुरू येथें भारत अर्थ मूव्हर्स निघाली, व जपानच्या कोमात्सूच्या सहकार्यानें हीं यंत्रें येथेंच होऊं लागलीं. आमच्या विद्यार्थ्याचें यंत्र त्याच घराण्यांतलें.

असें यंत्र घेणारा बहुधा एंजिनाचा आवाज ऐकून घेतो. ही मोठी फसगत होय. क्रॉलरच्या देखभालीचा सुमारें निम्मा खर्च त्याचे पायच खातात: साखळी, तिच्या पिना व बुश, खालचे रोलर, पुढचा आयडलर आणि मागचें दांतेरी स्प्रॉकेट. एंजिन रोज ओरडून आपलें दुखणें सांगतें. पाय मुकाट्यानें झिजतात आणि एके दिवशीं सगळा हिशेब एकदम मागतात.

म्हणून या गृहस्थाची पहिली काटकसर फावड्याची आहे. संध्याकाळीं काम थांबलें कीं कितीहि थकवा असो, साखळींत व स्प्रॉकेटच्या दांतांत बसलेली माती तो ओली असतांनाच खरवडून काढतो. आमच्याकडची काळी चिकण माती रात्रभरांत विटेसारखी वाळते. मग सकाळीं रोलर फिरत नाहीं. साखळी त्यावरून घासत जाते आणि त्याला एका बाजूस सपाट करते. शिवाय दांतांत माती भरली कीं साखळी आपोआप ताणली जाते. अर्ध्या तासाच्या या कामास पैसा लागत नाहीं, आणि म्हणूनच बहुतेक लोक तें टाळतात.

दुसरी गोष्ट ताणाची. सैल दिसणारी साखळी नवशिक्यास रोग वाटते आणि तो ग्रीसचा पंप मारून ती वीणेच्या तारेसारखी करतो. त्यानें पिना, बुश व दांत सर्वच लौकर झिजतात. हा विद्यार्थी वरच्या रोलरपासून आयडलरपर्यंत सरळ पट्टी ठेवून खालचा झोल मोजतो. त्याच्या यंत्राला दोन ते तीन सेंटिमीटर झोल लागतो. सैल करावयाची झाल्यास ग्रीसचा बोल्ट तो एका फेऱ्याहून अधिक उघडीत नाहीं, व त्यासमोर तोंड धरीत नाहीं, कारण आंतला दाब माणसास जायबंदी करण्याइतका असतो.

पण खरी युक्ति आहे ती साखळीला दुसरा जन्म देण्याची. साखळी 'ताणली' असें म्हणतात, तरी पोलाद लांबत नाहीं. पिन व बुश एका बाजूनें झिजतात व सांध्यांची भेग वाढते. दुसरी बाजू कोरीच असते. मोठ्या दाबाच्या प्रेसवर तीं काढून अर्ध्या फेऱ्यानें फिरवून बसविलीं, कीं तीच साखळी पुन्हा कामास येते. मात्र बुशची भिंत पातळ होण्यापूर्वीं हें झालें पाहिजे. उशीर केला तर तो तडकतो व मजुरीहि बुडते. यासाठीं त्यानें कॅलिपर घेतला आहे, आणि दर महिन्यास बुशचें माप एका वहींत लिहितो. गणितांत जेमतेम पास होणाऱ्या या मुलाची वही आतां आम्ही कौतुकानें चाळतों.

चालविण्याचीहि शिस्त आहे. उलट चाल वेगानें नको, जागच्या जागीं गिरक्या नकोत, नेहमीं एकाच अंगास वळणें नको. डांबरी सडकेवर तर तो यंत्र उतरवीतच नाहीं. ट्रेलरचें भाडें भरतो.

कांहीं ठिकाणीं मात्र तो हात आंखडत नाहीं. हवेच्या गाळणीची नळी चिरली तर त्याच दिवशीं नवी, कारण आमच्या वैशाखांतील धूळ त्या चिरेंतून एंजिनांत गेली तर पिस्टनच्या रिंगा थोड्याच दिवसांत खलास होतात. डीझेल गाळून भरतो. टाकी संध्याकाळींच भरतो, म्हणजे रात्रीं आंत दंव धरत नाहीं. आणि सकाळीं तळाचा गाळ सोडतो. धुराड्यावर पावसासाठीं वनस्पति तुपाचा जुना डबा उपडा असतो. एकदां एका दुकानांतून स्वस्त बुश आणले, ते एका हंगामांत लोण्यासारखे झिजले. तेव्हांपासून नव्या बनावटी मालापेक्षां मोडींत निघालेल्या यंत्राचा अस्सल जुना भाग तो मापून घेतो. रोलरवर वेल्डिंगचा थर चढवून तो लेथवर उतरविणारे हात येथें आहेतच.

गेल्या फाल्गुनांत त्यानें पिना-बुश फिरविले. ही फेरी आतां पुन्हा मिळणार नाहीं. पुढच्या खेपेस साखळी नवीच घ्यावी लागेल. म्हणून प्रत्येक तासाच्या भाड्यांतून ठराविक रक्कम तो वेगळ्या खात्यांत टाकतो, आणि त्या खात्यास हात लावावयाचा नाहीं असें त्याच्या पत्नीनें वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरांत लिहून ठेविलें आहे. मे महिन्यांत मुलाची फी भरावयाची होती. ती तिनें पाटल्या गहाण ठेवून भरली, आणि खातें तसेंच राहिलें.