प्रत्येक खोकला क्षयाचा नसतो

साठी ओलांडलेल्या माणसाचा खोकला महिनाभर हटला नाही, की आपल्या खानदेशात एकच नाव तोंडी येते: टीबी. कुणी जिनिंगच्या धुळीला दोष देतो, कुणी विडीला. संशय घेण्यात चूक नाही. क्षय आपल्याकडे फार आहे. परंतु क्षयाचा वेश घेऊन येणारा एक दुर्मिळ आजारही आहे. त्याचे नाव सारकॉयडोसिस. नॉर्वेच्या डॉ. बोक यांनी १८९९ साली वापरलेल्या ‘सारकॉइड’ या शब्दावरून ते आले.

यात जंतू सापडत नाही. शरीराची संरक्षणशक्तीच बिथरते आणि फुप्फुसात सूज येऊन बारीक गाठी होतात. मूळ कारण अजून कळलेले नाही. कोरडा खोकला, दम, बारीक ताप, वजन घटणे ही लक्षणे क्षयासारखीच. एक्स-रेही फसवतो. डोळे लाल होऊन दुखत असतील, नडगीवर लाल दुखऱ्या गाठी असतील, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. म्हातारी माणसे ‘वयाचा दम’ म्हणून दुखणे अंगावर काढतात. तेवढ्यात काहींचे फुप्फुस कडक होते. ते मग पूर्ववत होत नाही.

आमचे सांगणे असे, की खोकला दोन आठवड्यांवर गेला तर नुसत्या एक्स-रेवर थांबू नका. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी मोफत होते. क्षयाच्या गोळ्या मनाने बंद करू नका. पण उतार पडत नसेल तर, ‘दुसरा आजार आहे का?’ असे डॉक्टरांना निर्भयपणे विचारा. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ साली सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्यासाठीच आहे. दुर्बिणीने गाठीचा तुकडा काढून तपासला की निदानाला आधार मिळतो.

काहींचा आजार औषधाविना ओसरतो. इतरांना बहुधा स्टेरॉइड देतात, पण आधी क्षयाची शंका फेडून. नाहीतर दबलेला क्षय उसळतो. स्टेरॉइडने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. तरी ते एकदम सोडू नये, जिवावर बेतते. कॅल्शियमच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. या आजारात रक्तातले कॅल्शियम आधीच वाढलेले असू शकते.

शेवटचे, पण महत्त्वाचे. सारकॉयडोसिस एकापासून दुसऱ्याला होत नाही. क्षय पसरतो तो हवेतून, ताट-पेल्यातून नव्हे. तपासणी होईपर्यंत तोंडावर रुमाल असावा, खिडक्या उघड्या असाव्यात. पण म्हाताऱ्या आईचा पेला वेगळा कशाला? वेगळ्या पेल्याचा अपमान आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला. तो पेला आपल्याच घरात, आपल्याच हाताने मांडू नका.