महाराणीची टाळी

 अभिनेते सदाशिव अमरापूरकर असते तर ११ मे २०२५ला पंचाहत्तरीचे झाले असते. नगरकरांना हे तात्या कोण ते सांगायला नको. त्यांची आठवण निघाली की 'अर्धसत्य'च्या रामा शेट्टीची उजळणी होते, तीही रास्तच. मला मात्र 'सडक'मधली महाराणी सोडत नाही.

१९९१चा महेश भट यांचा चित्रपट. कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी. अंगावर साडी, आवाज पुरुषी. या सोंगाचा फार्स व्हायला अर्धं पाऊल पुरे होतं. आमच्याकडे नगरला तर अधिकच. शाहीर अनंत फंदीच्या संगमनेरचा हा जिल्हा. तमाशाच्या गवळणीतली मावशी बघत इथल्या पिढ्या मोठ्या झाल्या. डोक्यावर पदर घेतलेला बाप्या दिसला की हसू आधी फुटतं, विनोद मागून येतो. महाराणीला बघूनही तेच हसू फुटू पाहतं आणि घशात अडकतं.

का अडकतं? मावशी प्रेक्षकांना सामील करून घेते. आपण हसवतोय हे तिला ठाऊक असतं. महाराणी आपल्याकडे ढुंकून बघत नाही. ती हसते ती स्वतःच्या करमणुकीसाठी, आणि हसता हसता समोरच्या पोरीचा भाव करते. अमरापूरकरांनी नखऱ्यात जराही काटकसर केली नाही. फक्त डोळे त्या नखऱ्यात येऊ दिले नाहीत. ते गल्ल्यावरच बसलेले. बिचकून, बेतानं केली असती तर महाराणी नुसतीच विचित्र वाटली असती.

फिल्मफेअरनं खलनायकासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला, त्याचा पहिला मान याच भूमिकेला मिळाला. पुढे 'आँखें', 'इश्क'मध्ये हसवणं उरलं, धास्ती गेली. लोकांना ते आवडलं. मला नुकसान वाटतं.

खोट महाराणीतही आहे, पण ती पटकथेची. तिच्या क्रौर्याइतकंच तिच्या तृतीयपंथी असण्यालाही घाबरा, असं चित्रपट सुचवतो. एप्रिल २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला अमरापूरकर गेले. सामाजिक कामात रमणारा हा माणूस आज ती संहिता हाती आली असती तर दिग्दर्शकाशी आधी कडाकडा भांडला असता, असं आपलं मला वाटतं. भूमिका सोडली मात्र नसती.