गळा कोणाचा, चेहरा कोणाचा?

महाशिवरात्रीला प्रतापगडावर मोठी यात्रा भरते. येथे महादेवाचे स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान यांचा दर्गाही आहे. एकीकडे भजन, एकीकडे कव्वाली. गाण्याची हौस आपल्या भागात जुनीच.

आता मात्र गाणे खिशात आले आहे. चार पोरे एका मोबाइलवर डोकी जुळवून उभी असतात. गाणे वाजते आणि त्याबरोबर नाच दिसतो, शेत दिसते, मोटारसायकल दिसते. याला गाण्याचा व्हिडिओ म्हणतात. हा तयार कसा होतो, ते आम्ही आज सांगणार आहोत.

आधी गाणे, मग चित्र

1931 साली 'आलम आरा' हा आपल्या देशातला पहिला बोलपट निघाला. त्यात सात गाणी होती. पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. त्या काळी नट स्वतःच गात असे. वाजविणारे झाडाआड किंवा पडद्याआड बसत. कोणी चुकला, की सारे पुन्हा पहिल्यापासून!

1935 च्या सुमारास नवी रीत आली. गाणे आधी वेगळे भरून घ्यायचे. मग ते मोठ्याने वाजवायचे आणि नटाने नुसते ओठ हलवायचे. यालाच पार्श्वगायन म्हणतात. आजही बहुतेक गाणी अशीच करतात.

'सैराट' चित्रपट 2016 साली आला. त्यातले 'झिंगाट' ऐकले नाही असे गाव विरळाच. पडद्यावर परशा नाचतो, पण गळा त्याचा नाही. तो अजय आणि अतुल या दोघा भावांचा आहे.

म्हणजे बघा, एका गाण्यामागे किती हात! एक जण शब्द लिहितो. एक चाल बांधतो. एक गातो. कोणी ढोलकी वाजवितो. मग नाचणारे येतात, चित्र घेणारा येतो. शेवटी चित्राचे तुकडे जोडून गाण्यावर बसवितात. दिसतो मात्र एकच चेहरा.

पैसा कोठून येतो?

तुम्ही म्हणाल, व्हिडिओ तर फुकट दिसतो! पण मध्ये जाहिरात येते ना? त्या जाहिरातीचे पैसे मिळतात. ज्याच्या नावाच्या खात्यावर व्हिडिओ असतो, त्याला त्यातला वाटा मिळू शकतो. गाणाऱ्याला तो आपोआप मिळत नाही.

समजा, तुमच्या सुनेचा गळा गोड आहे. रोवणीच्या वेळी ती स्वतः रचलेले पद म्हणते. कोणी पाहुणा येतो, मोबाइलवर ते भरून नेतो आणि आपल्या नावाने लावतो. लोक लाखांनी ऐकतात. सुनेचे नाव कोठेच नाही!

अशासाठी कायदा आहे. रचलेल्या पदावर रचणाऱ्याचा हक्क असतो. तो त्याच्या हयातभर आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो. 2012 साली कायद्यात सुधारणा झाली. गाणे कंपनीला दिले, तरी पुढच्या कमाईतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही.

दंडारीतले जुने गाणे कोणा एकाचे नाही, ते साऱ्या गावाचे. पण ते गाणाऱ्याचे नाव तरी सांगावे की नाही? झाडीपट्टीच्या कलेला मान आहे, बरे का! आपल्या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली.

आपण काय करावे?

नवे पद रचले, तर वहीत उतरवून ठेवा. खाली नाव आणि तारीख घाला. कोणी गाणे भरून घ्यायला आला, तर विचारा: नाव कोणाचे लागणार? पैसे कोणाला मिळणार? त्याने कागद पुढे केला, तर घाई करू नका. तो सावकाश वाचा. काही कळले नाही, तर जाणत्याला विचारा. मगच सही करा.

आणि मोबाइलवर गाणे लावाल, तेव्हा खाली लिहिलेली नावेही वाचून पाहा. गीत कोणाचे, चाल कोणाची, गळा कोणाचा? आता तुम्हाला वाचता येते. पोरांनाही ती नावे मोठ्याने वाचून दाखवा.