मिलिमीटर ते परस

परभणीकडच्या शेतकऱ्याला पाऊस किती झाला असं विचारलं, तर तो नक्षत्रांची नावं घेतो. मृगानं दगा दिला, आर्द्रा बरी गेली, हत्ती पडला तेव्हा ओढा वाहिला. विहिरीत पाणी किती, तर ‘दोन परस असंल.’ परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढं, साधारण सहा फुटांचं माप. या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या शेती झाली. अडचण एवढीच, की आर्द्रेतून परस वजा करता येत नाही. किती आलं, किती गेलं, किती उरलं, हा ताळेबंद मांडायचा तर सगळी मापं एकाच जातीची लागतात. ती विद्या शिकवणारी जागा परभणीतच आहे: वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय.

विद्यापीठाची स्थापना 18 मे 1972 ची. त्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि जुनी माणसं आजही ज्याला नुसतं ‘बहात्तर’ म्हणतात तो दुष्काळ आला. कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय 1986 मध्ये सुरू झालं. इथल्या चार वर्षांच्या बी.टेक.मध्ये ट्रॅक्टर, अवजारं आणि धान्यप्रक्रिया असतेच. पण पाण्याचा पसारा मोठा. पाणलोटाचं जलशास्त्र, मृद व जलसंधारण, सिंचन आणि निचरा, भूजल, विहिरी आणि पंप असे विषय एकापाठोपाठ येतात. त्या सगळ्यांचा पाया एकच, मोजणी.

पहिला धडा पर्जन्यमापकाचा. रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यायची, आधी नाही, नंतर नाही. कारण देशभरात पावसाचा दिवस साडेआठलाच बदलतो. मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं आणि पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ वाचायचा. मिलिमीटर हे माप दिसायला क्षुल्लक, पण हेक्टरभर रानावर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. टँकरवर दिवस काढलेल्या गावातल्या मुलाला हा गुणाकार वेगळा समजवावा लागत नाही.

आलेलं पाणी असं मोजलं, आता गेलेलं. त्यासाठी बाष्पीभवन पात्र असतं. व्यास सुमारे 120 सेंटिमीटर, खोली 25 सेंटिमीटर, लाकडी चौकटीवर ठेवलेलं, वर पक्ष्यांसाठी जाळी. कालच्या खुणेपर्यंत पाणी भरायला आज किती लागलं, तेवढं उन्हानं आणि वाऱ्यानं नेलं. समजा, मे महिन्यात एका दिवसात दहा मिलिमीटर उडालं. पात्राचा गुणांक 0.7 धरला तर उरतात सात मिलिमीटर. दाट वाढलेलं पीक रोज जवळपास तेवढं पाणी मागतं. एकराला हे झालं सुमारे 28 हजार लिटर. आता सहा मीटर व्यासाची, म्हणजे वीसेक फुटी विहीर घ्या. तिच्यातलं एक मीटर पाणीही बरोबर तेवढंच भरतं. पिकाचा एक दिवस, विहिरीचा एक मीटर. वर्गात फळ्यावर हे गणित सुटतं तेव्हा शेतकऱ्याच्या घरातली पोरं मनातल्या मनात आपापली विहीर मोजू लागतात.

तिसरी मोजणी जमिनीची. इथली काळी कसदार जमीन पाण्याच्या बाबतीत मोठी लहरी. मातीत पाणी किती वेगानं मुरतं हे बघायला एकात एक अशी दोन लोखंडी कडी ठोकतात, आतलं तीस सेंटिमीटरचं, बाहेरचं साठचं. दोन्हीत पाणी भरून आतल्या कड्यातली पातळी घड्याळ लावून वाचायची. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात पहिलं पाणी बघता बघता गडप होतं. मग चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि पट्टीवरचा आकडा हलेनासा होतो. मृगाचा पाऊस पिऊन टाकणारं रान भर श्रावणात तोच पाऊस बांधाबाहेर का लोटतं, याचं उत्तर त्या दोन कड्यांत मिळतं. सोयाबीनसाठी विद्यापीठ रुंद वरंबा-सरीचा आग्रह धरतं तेही याच कारणानं. खंड पडला तर सरीत थांबलेला ओलावा कामी येतो आणि झड लागली तर जादा पाणी सरीतून निघून जातं.

बांधाबाहेर चाललेलं हेच पाणी विहिरीत उतरवायची शिफारस विद्यापीठाच्या कोरडवाहू शेती संशोधनातून पुढे आली. यात दोन टाक्या असतात. पहिलीत गाळ बसतो. दुसरीत दगड, खडी आणि वाळूचे थर. त्यातून गाळलेलं पाणी पाइपानं विहिरीत जातं. काम सोपं दिसतं, पण पहिली टाकी वेळेवर उपसली नाही तर गाळ पुढे सरकतो, वाळूची चाळण बुजते आणि दोन पावसाळ्यांत सगळं नावापुरतं उरतं. कुठल्याही जलसंधारणाच्या कामाला हा नियम लागू पडतो. बांधायला पैसा लागतो, टिकवायला रोजचं लक्ष.

विहिरीच्या तळाशी वेगळंच जग आहे. मराठवाड्याचा बेसॉल्ट स्पंजासारखा पाणी धरत नाही. मुरमात, मांजऱ्या खडकात, सांध्याफटींतच काय ते पाणी. म्हणून बांधाच्या अलीकडे विहीर भरलेली आणि पलीकडे ठणठणीत, असं होतं. भूजलाची ही नाडी बघायचं काम राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहे. ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा मोजली जाते. पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवला की त्या वर्षी जमिनीत किती मुरलं त्याचा अंदाज येतो.

कालव्याचा हिशेब आणखी निराळा. पैठणच्या नाथसागरातून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा, आणि परभणी त्याच्या शेपटाकडे. टेलच्या शेतकऱ्याला आवर्तन सुटल्याची बातमी आधी येते, पाणी मागाहून. ते वाटायचं कसं याचं प्रशिक्षण अभियंत्यांना आणि शेतकऱ्यांना छत्रपती संभाजीनगरच्या कांचनवाडीतली ‘वाल्मी’, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, 1980 पासून देते आहे. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा 2005 चा कायदा आला आणि पाणीवापर संस्थांना पाणी घनमापानं देण्याची तरतूद झाली. तेव्हापासून चारीच्या तोंडाशी विसर्ग मोजायला बसवलेल्या फ्लूमवरची पट्टी वाचता येणं ही गावाचीही गरज झाली. पट्टीवरची उंची बघायची, तक्त्यात विसर्ग शोधायचा, तासांनी गुणायचं. पट्टीच वाचता येत नसेल, तर हक्काचं पाणी पोचलं की नाही हे भांडून ठरवावं लागतं.

चार वर्षांत मुलगा मिलिमीटर, घनमीटर, विसर्ग अस्खलित बोलू लागतो. खरी परीक्षा पदवीनंतर, कुणाच्या तरी विहिरीच्या कठड्यावर बसून द्यायची असते. समोरचा म्हणतो, ‘दोन परस पाणी हाय, अजून एक एकर ऊस लावावा म्हणतो.’ इथं बाष्पीभवनाचा गुणांक सांगून उपयोग नाही. सांगायचं ते एवढंच: ‘दादा, झरे आटले तर उन्हाळ्यात तुमचा एक परस म्हणजे एकरभर उसाचे दोन दिवससुद्धा पुरते नाहीत. दोन परसाचे दिवस तुम्हीच मोजा.’

मोजायला बोटंसुद्धा पुरतात.